जुना की नवा? एंट्री-लेव्हल मिररलेस कॅमेऱ्यांची तुलना करताना या चुका टाळा

पहिला मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा निवडताना बहुतेकांसमोर दोन पर्याय येतात. एक असतो काही वर्षांपूर्वीचा, पण अजूनही चोख काम देणारा कॅमेरा, आणि दुसरा त्याच श्रेणीतला अलीकडचा. दोघांचे तपशील शेजारीशेजारी मांडले की तक्ता साहजिकच नव्याच्या बाजूने झुकतो. मात्र त्या तक्त्यातल्या अनेक ओळींचा हाती येणाऱ्या छायाचित्राशी फारसा संबंध नसतो, आणि ज्या गोष्टींनी चित्र खरोखर बदलते, त्यांपैकी काहींना तक्त्यात जागाच मिळत नाही. तुलना करायची ती बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), तिच्यावर बसणारी लेन्स आणि आपण टिपणार असलेला विषय या तिघांची मिळून, आणि तीही दोन्ही कॅमेऱ्यांना सारख्याच अटी लावून. खालील चुका होतात त्या नेमक्या इथेच.

सालावरून तंत्रज्ञान ठरवणे

कॅमेरा कोणत्या वर्षी जाहीर झाला यावरून त्याच्या आत काय आहे हे कळत नाही. कॅननचा ईओएस एम५० हा २०१८ चा आणि ईओएस आर१०० हा २०२३ चा. पाच वर्षांचे अंतर पाहून आर१०० पुढारलेला असणार असे कोणीही गृहीत धरेल. पण दोघांतही २४.१ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (३५ मिमी फिल्मएवढ्या फुल फ्रेम सेन्सरपेक्षा लहान) सेन्सर आणि डिजिक ८ हा एकाच पिढीचा प्रोसेसर आहे. इतकेच नव्हे, तर एम५० चा स्क्रीन बाजूला उघडून फिरवता येतो आणि त्याला स्पर्शाची सोय आहे, तर आर१०० चा स्क्रीन जागेवर पक्का बसवलेला आहे आणि तो स्पर्शाला दाद देत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांत ४के चित्रीकरण करताना चौकट लक्षणीय कापली जाते आणि ऑटोफोकस संथ अशा कॉन्ट्रास्ट पद्धतीवर येतो. येथे नवे आहे ते मुख्यतः माऊंट, म्हणजे लेन्स बसवण्याची जोडणी. ते महत्त्वाचे आहेच, पण ‘नवा कॅमेरा’ म्हणताना ग्राहकाच्या मनात जे असते, ते हे नव्हे.

याच्या उलट उदाहरण निकॉनचे आहे. झेड५० हा २०१९ मध्ये आला आणि झेड५०टू २०२४ मध्ये. दोघांचा सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचाच असल्यामुळे मेगापिक्सेलची ओळ वाचणाऱ्याला काहीच बदललेले दिसणार नाही. प्रत्यक्षात एक्स्पीड ६ च्या जागी एक्स्पीड ७ हा प्रोसेसर आल्याने माणसे, पक्षी, वाहने असे विषय ओळखून त्यांचा माग काढण्याची क्षमता खूप पुढे गेली आहे. शिवाय क्रॉप (चौकट कापली जाणे) स्वीकारल्यास ४के चित्रण सेकंदाला ६० फ्रेमने करता येते आणि मायक्रो यूएसबीच्या जागी यूएसबी-सी आले आहे. म्हणून साल आणि मेगापिक्सेल या दोन्हींच्या आधी प्रोसेसरची पिढी पाहावी. एंट्री-लेव्हल कॅमेऱ्यांच्या बाबतीत ती एकच ओळ इतर दहा ओळींपेक्षा जास्त सांगते, असे माझे मत आहे.

बॉडीची तुलना करताना किट लेन्स विसरणे

ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण पहिला कॅमेरा घेणारे बहुतेक जण पुढे बराच काळ किट लेन्सच (कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स) वापरतात. एम५० बरोबर साधारणपणे १५-४५ मिमी, एफ/३.५-६.३ ही लेन्स मिळत असे. २०२३ च्या ईओएस आर५० बरोबर १८-४५ मिमी, एफ/४.५-६.३ ही लेन्स मिळते. कॅननच्या एपीएस-सी सेन्सरचा १.६ हा गुणक लावला, तर जुनी लेन्स फुल फ्रेमवरच्या २४ मिमीइतका कोन दाखवते आणि नवी सुमारे २९ मिमीइतका. छोट्या खोलीतले पाचसहा जण एका चौकटीत बसवायचे असतील, तर हा फरक तत्काळ जाणवतो. रुंद टोकाला जुन्या लेन्सचे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र; आकडा लहान तितके ते मोठे) एफ/३.५ आहे आणि नव्याचे एफ/४.५, म्हणजे त्या टोकाला नव्या लेन्समधून सेन्सरवर पडणारा प्रकाश जवळजवळ पाऊण स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) कमी होतो. तो भरून काढण्यासाठी आयएसओ (प्रकाशाला कॅमेऱ्याच्या प्रतिसादाची पातळी) वाढवावा लागतो, आणि मग नव्या कॅमेऱ्याचे चित्र जास्त दाणेदार का दिसते, असा प्रश्न विचारला जातो. त्यात दोष सेन्सरचा नसतो.

व्हिडिओकडे वळताच हाच हिशेब उलटतो. एम५० मध्ये ४के निवडले की सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो आणि एकूण गुणक सुमारे २.५६ होतो. त्यामुळे १५ मिमीवरही चौकट ३८ मिमीइतकी अरुंद होते आणि हातभर अंतरावर कॅमेरा धरून स्वतःचे चित्रीकरण करणाऱ्याचा चेहराच सगळी चौकट व्यापतो. आर५० सेन्सरची पूर्ण रुंदी वापरून ४के नोंदवतो, म्हणून तेथे २९ मिमीचा कोन कायम राहतो आणि ड्युअल पिक्सेल ऑटोफोकसही (कॅननची वेगवान पद्धत) चालू राहतो. थोडक्यात, त्याच दोन कॅमेऱ्यांत खोलीतल्या स्थिरचित्रासाठी जुना संच सरस ठरतो आणि ४के व्हिडिओसाठी नवा. जो परीक्षक या दोन्ही गोष्टींची सरासरी काढून एकच गुण देतो, तो वाचणाऱ्याच्या उपयोगाचे काहीच सांगत नाही.

माऊंटचे भवितव्य न पाहणे

सोनीचा ए६००० हा २०१४ चा आणि ए६१०० हा २०१९ चा; पण दोघांनाही ई-माऊंटच आहे. त्यामुळे जुन्या बॉडीसाठी घेतलेली लेन्स नव्या बॉडीवर तशीच बसते आणि ए६००० पासून सुरुवात करणाऱ्याचा लेन्सवरचा खर्च वाया जात नाही. एम५० चे तसे नाही. त्याचे ईएफ-एम माऊंट कॅननने बंद केले आहे, आणि त्या लेन्स आर मालिकेच्या (आरएफ माऊंटच्या) बॉडीवर बसवता येत नाहीत. कारण साधे यांत्रिक आहे: ईएफ-एम लेन्स सेन्सरपासून १८ मिमी अंतरावर असावी लागते, तर आरएफ बॉडीत माऊंट ते सेन्सर हे अंतरच २० मिमी आहे, मग मध्ये ॲडॉप्टर बसायला जागा उरतेच कोठे? ॲडॉप्टर अंतर वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. डीएसएलआरच्या (आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या) ईएफ आणि ईएफ-एस लेन्स मात्र योग्य ॲडॉप्टर लावून दोन्हीकडे चालतात.

याचा अर्थ ईएफ-एम कॅमेरा घेऊच नये असा होत नाही. २२ मिमी एफ/२ आणि ३२ मिमी एफ/१.४ या त्या माऊंटच्या लेन्स लहान आणि उत्तम आहेत, आणि ज्याला एक बॉडी व दोन लेन्स यापलीकडे जायचेच नाही, त्याच्यासाठी बंद पडलेले माऊंट ही फार मोठी अडचण नाही. हळूहळू संच वाढवायचा असेल, तर मात्र बॉडीआधी माऊंट निवडावे.

नॉइजची (चित्रातल्या दाण्यांची) चाचणी चुकीच्या पद्धतीने घेणे

दोन्ही कॅमेरे ऑटोवर ठेवून, प्रत्येकाने काढलेले जेपेग चित्र शंभर टक्के मोठे करून पाहणे ही प्रचलित पद्धत आहे आणि तिच्यातून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. ऑटोमध्ये एक कॅमेरा १/६० सेकंद निवडेल आणि दुसरा १/१२५. त्यामुळे सेन्सरवर पडणारा प्रकाशच वेगळा असतो. जेपेगमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचे नॉइज कमी करण्याचे आणि रेषा धारदार करण्याचे गणित वेगळे असते. कमी प्रकाशातल्या दाण्यांचा मोठा भाग प्रकाशाच्या स्वतःच्या चढउतारातून येतो, म्हणून सारख्या आकाराच्या दोन सेन्सरवर सारखाच प्रकाश पडला, तर काही वर्षांच्या अंतराने रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये पडणारा फरक जाहिराती सुचवतात त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.

चाचणी घ्यायचीच असेल, तर दोन्ही कॅमेरे ट्रायपॉडवर लावावेत, मॅन्युअल मोडमध्ये ॲपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ हाताने सारखे करावेत, शक्य असल्यास लेन्सही एकच वापरावी आणि चित्रे रॉमध्ये घ्यावीत. नंतर दोन्ही चित्रे एकाच आकाराची करून पाहावीत, कारण २४ मेगापिक्सेलचे चित्र शंभर टक्क्यांवर २०.९ मेगापिक्सेलपेक्षा जास्त मोठे झालेले असते आणि त्यामुळे ते विनाकारण वाईट दिसते. कॅननच्या कॅमेऱ्यात आयएसओच्या शेजारी डी+ असे चिन्ह दिसत असेल, तर हायलाइट टोन प्रायॉरिटी (उजळ भागांतला तपशील जपणारी सोय) चालू आहे असे समजावे. ती चालू असताना आयएसओ २०० च्या खाली जाता येत नाही आणि सावल्यांतले दाणे वाढतात, म्हणून चाचणीपुरती ती बंद करावी. पाहायचे ते केस, कापडाची वीण, गवत अशा बारीक पोताकडे. दाणे नसलेले पण मेणासारखे गुळगुळीत झालेले चित्र स्वच्छ नसते. त्यातला तपशील पुसला गेलेला असतो.

नव्या ऑटोफोकसला जुन्या सवयीने वापरणे

जुन्या आणि नव्या एंट्री-लेव्हल कॅमेऱ्यांत खरे अंतर पडले आहे ते येथे. ए६००० मध्ये १७९ फेज डिटेक्शन (वेगवान फोकस पद्धतीचे) बिंदू होते आणि त्या काळी ते नवलाचे होते. डोळा शोधून फोकस करण्याची सोयही त्यात आहे, पण ती सिंगल फोकसमध्येच (एकदा फोकस करून तो तसाच ठेवताना) चालते, आणि विषय हलला की तिचा उपयोग संपतो. ए६१०० मध्ये ४२५ बिंदू आहेत, परंतु संख्येपेक्षा महत्त्वाचे हे की तो सलग फोकस करत असतानाही डोळ्याचा माग सोडत नाही. धावणारे मूल किंवा उड्या मारणारे कुत्रे टिपायचे असेल, तर माझ्या मते नव्या कॅमेऱ्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे हे एकमेव भक्कम कारण आहे. निसर्गदृश्ये, वास्तू किंवा टेबलावर मांडलेल्या वस्तू टिपणाऱ्याला त्याची गरज नाही; त्याने उरलेल्या पैशांत चांगली लेन्स घ्यावी.

जुन्या कॅमेऱ्यावरून आलेला माणूस नव्यातही मधला एकच बिंदू आणि सिंगल फोकस ठेवतो, आणि मग नव्याचा ऑटोफोकस काही विशेष नाही असा निष्कर्ष काढतो. तपासणी करताना फोकस सलग मोडवर ठेवावा, क्षेत्र रुंद किंवा ट्रॅकिंगचे निवडावे आणि विषय-ओळख चालू आहे ना, ती माणसावर आहे की प्राण्यावर, हे मेन्यूत जाऊन पाहावे. एवढे करूनही चित्रे पुसट येत असतील, तर शटर स्पीड पाहावा. या श्रेणीतल्या बहुतेक बॉडींमध्ये सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा नसते, आणि लेन्समधली यंत्रणा हाताचा कंप सावरते, धावणाऱ्या मुलाची हालचाल नव्हे. अशा वेळी १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवल्यास बहुतेक तक्रार मिटते.

आकडे जसेच्या तसे मानणे

सेकंदाला १५ चित्रे हा आर५० चा वेग इलेक्ट्रॉनिक शटरचा आहे. त्या शटरने वेगाने सरकणाऱ्या वस्तू तिरक्या होऊ शकतात आणि काही एलईडी दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटतात. शिवाय रॉमध्ये बफर (चित्रे कार्डवर जाण्याआधीची तात्पुरती साठवण) लवकर भरतो. ए६००० चा वेग सेकंदाला ११ चित्रांचाच आहे, पण तो यांत्रिक शटरचा आहे आणि रॉमध्येही सुमारे दोन सेकंद टिकतो. बॅटरीचा अधिकृत आकडा सीपा (कॅमेरा कंपन्यांची जपानी संघटना) पद्धतीने काढलेला असतो आणि त्या पद्धतीत अंगचा फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात दर दुसऱ्या चित्राला तो वापरला जातो, म्हणून फ्लॅश असलेल्या आणि नसलेल्या कॅमेऱ्यांचे हे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

तुलनेच्या वेळी अडले तर

४के नोंदणी सुरूच होत नसेल, तर आधी मेमरी कार्ड पाहावे. ए६१०० मध्ये १०० एमबीपीएसची नोंदणी यू३ या वेगदर्जाचे कार्ड मागते. नवा कॅमेरा यूएसबी-सीवरून चार्ज होत नसेल, तर चार्जर पॉवर डिलिव्हरीचा (जास्त शक्ती देणाऱ्या यूएसबी-सी प्रकारचा) आहे का ते तपासावे, कारण काही मॉडेल साधा चार्जर स्वीकारत नाहीत. जुना फ्लॅश नव्या बॉडीवर पेटत नसेल, तर हॉट शूमधला (फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेतला) मधला संपर्कबिंदू आहे की नाही ते पाहावे. काही एंट्री-लेव्हल बॉडींमध्ये तो ठेवलेलाच नसतो. जुना वापरलेला कॅमेरा तपासताना एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचे चित्र घ्यावे, म्हणजे सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसते, आणि त्याचे मोबाइल ॲप आजच्या फोनवर चालते का हेही व्यवहार ठरण्यापूर्वीच पाहून घ्यावे. नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल संगणकावर उघडत नसेल, तर कॅमेऱ्यात बिघाड आहे असे समजू नये. कॅननचा सीआर३ हा प्रकार एम५० पासून सुरू झाला आणि त्याआधीचे सॉफ्टवेअर तो ओळखत नाही. सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, किंवा ते शक्य नसल्यास ॲडोबीच्या मोफत कन्व्हर्टरने फाइल डीएनजी या ॲडोबीच्या रॉ प्रकारात बदलून घ्यावी.