नव्याने अमेरिकेत निघालात? आधी पोराची सीट बघा

दर उन्हाळ्यात मी पारोळ्याला घरी आलो की ओट्यावर आठ-दहा दिवस दरबारच भरतो. कुणाची लेक लग्न होऊन डॅलसला निघालेली असते, अमळनेरचं एखादं जोडपं पोराबाळांसकट शिकागोला. प्रश्न ठरलेले. कळण्याचं पीठ नेता येतं का, बिबडे कस्टमवाले काढून घेतात का, थंडीला कोणतं जॅकेट पुरतं. पोराला गाडीत कसं बसवायचं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मी तेरा वर्षांपूर्वी इलिनॉयला, म्हणजे शिकागोच्या राज्यात, गेलो तेव्हा मीही विचारलं नव्हतं. त्याची किंमत पुढे मोजली, ती सांगतोच.

आपली सवय कशी, तर धुळ्याहून येताना पाच जणांच्या गाडीत आठ माणसं, आणि लहान पोर पुढच्या सीटवर आजीच्या मांडीत. मागचे पट्टे सीट कव्हरखाली दाबलेले. कायदा आपल्याकडेही आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालचं मूल पट्टा किंवा बालसीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड. बालसीट म्हणजे गाडीच्या सीटवर पक्की बसवायची, स्वतःचे पट्टे असलेली पोराची खुर्ची. पण पारोळा-एरंडोल रस्त्यावर कुणाला त्यासाठी थांबवलेलं मी पाहिलेलं नाही. अमेरिकेत थांबवतात.

म्हणून पहिलं काम विमानात बसायच्या आधीचं. विमानतळावर जो मित्र घ्यायला येणार, त्याला तुमच्या पोराचं वय, वजन आणि उंची कळवा आणि सीट लावून यायला सांगा. पुण्या-मुंबईहून सीट विकत घेऊन नेऊ नका. तिथे चालते ती अमेरिकेच्या संघीय मानकाची, म्हणजे २१३ क्रमांकाच्या मानकात बसते असं लेबल असलेलीच. ओळखीतल्यांची जुनी सीट फुकट मिळाली तर पाठीमागे छापलेली मुदत वाचा. सीटलाही औषधासारखी एक्स्पायरी असते, आणि अपघातातून गेलेली सीट बाहेरून नवी दिसली तरी घ्यायची नाही.

बालसीटचा पहिला कायदा टेनेसी राज्यात १९७८ पासून लागू झाला, आणि १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांत कुठला ना कुठला कायदा आलेला होता. कुठला ना कुठला म्हणतो, कारण प्रत्येक राज्याचा वेगळा. इलिनॉयमध्ये दोन वर्षांखालचं मूल मागे तोंड करूनच बसवायचं, वजन ४० पौंड किंवा उंची ४० इंच झालेली असेल तरच सूट. आठ वर्षांपर्यंत सीट किंवा बूस्टर, म्हणजे मोठ्यांचा पट्टा पोराला नीट बसावा म्हणून खाली ठेवायची उंच बैठक. पहिल्यांदा पकडलं तर ७५ डॉलर, पुढे २००. पहिल्या वेळी मान्यताप्राप्त सीट घेतल्याचा आणि ती बसवण्याचा वर्ग केल्याचा पुरावा कोर्टात दिला तर दोषी धरत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि ते मुकाट्याने पैसे भरून मोकळे होतात. टेक्सासमध्येही आठ वर्षांपर्यंतच, पण मूल ४ फूट ९ इंचांपेक्षा उंच असेल तर सूट. दंड २५ ते २५० डॉलर. राज्य बदललं की नियम नव्याने वाचायचा.

आता मांडीचं. माझी आई पहिल्यांदा शिकागोला आली तेव्हा नातू मागे रडत होता. ती म्हणाली, “पोऱ्या मनी मांडीवर बठस, त्याले काय व्हई?” मी तिला कापसाच्या हिशेबात सांगितलं. गाडी ताशी पन्नासने जाताना आदळून जागच्या जागी थांबली, तर दहा किलोचं पोर त्या क्षणी दोन-अडीच क्विंटलच्या जोराने पुढे जातं. दोन क्विंटल कापूस हातात धरून दाखव. तिने पुन्हा नातू मांडीवर मागितला नाही.

पण तिने दुसरं केलं, आणि माझं लक्ष नव्हतं. २०१७ चा जानेवारी, बाहेर बर्फ. मुलगा अडीच वर्षांचा. तिने त्याला फुगीर जॅकेटसकट सीटमध्ये बसवलं, पट्टे जॅकेटवरून घट्ट दिसतील इतके ओढले आणि छातीवरची क्लिप पोटाशी आली. असं जॅकेट धक्क्यात चपटं होतं आणि पट्टा आतून बोटभर नव्हे, मूठभर ढिला निघतो. सिग्नलला आम्ही उभे असताना मागून एक गाडी येऊन धडकली. पोरगा पट्ट्यातून अर्धा वर सरकला, कपाळ फुटलं, गळ्याजवळच्या हाडाला चीर गेली. तीन आठवड्यांत भरून आलं, पण त्या रात्री इमर्जन्सीच्या खुर्चीत आई एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी धडकणाऱ्याच्या विमा कंपनीच्या माणसाचा फोन. अ‍ॅडजस्टर म्हणतात त्याला. आवाज मामेभावासारखा गोड. बाळ कसं आहे, झोपला का रात्री, आणि रेकॉर्डिंग सुरू केलं तर चालेल ना? मी म्हटलं चालेल. मग सीट कोणती, तोंड कुठे, पट्टे घट्ट होते का. मी आपला खरं बोलायचं म्हणून जॅकेटपासून क्लिपपर्यंत सगळं रामायण सांगून मोकळा झालो. दोन आठवड्यांनी पत्र आलं: पालकांच्या निष्काळजीपणामुळे इजा वाढली, सबब रक्कम कमी.

मी गाठलेल्या वकिलाने ते पत्र वाचून बाजूला ठेवलं. इलिनॉयच्या बालप्रवासी कायद्यातच लिहिलंय की मूल सीटमध्ये नीट बसवलं नव्हतं ही गोष्ट दिवाणी खटल्यात पुरावा म्हणून आणता येत नाही आणि ती सहनिष्काळजीपणा, म्हणजे इजेत आपलीही चूक, धरली जात नाही. न्यू जर्सीतही तसंच. अ‍ॅडजस्टरला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, पण नवा माणूस घाबरून सही करतो, हेही ठाऊक होतं. पुढे रक्कम वाढून आली.

हे वाचून टेक्सासवाल्यांनी निश्चिंत होऊ नये. तिथे उलटं आहे. २०१५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने नेबर्स वेल सर्व्हिसेस विरुद्ध रोमेरो या प्रकरणात ठरवलं की पट्टा न लावल्याचा पुरावा ज्युरीसमोर जाऊ शकतो आणि जबाबदारीची टक्केवारी ठरवताना मोजला जाऊ शकतो. माझा आत्तेभाऊ डॅलसजवळ राहतो. त्याची पाच वर्षांची मुलगी बूस्टरशिवाय मोठ्यांच्या पट्ट्यात होती. लहान अंगावर तो पट्टा मांड्यांऐवजी पोटावर चढतो. तिच्या पोटात मार लागला. लाल सिग्नल तोडून येणारा समोरचा होता, तरी समोरच्याच्या वकिलाने पहिलं बोट बूस्टरवर ठेवलं. पाच वर्षांच्या पोरीची चूक कुणी म्हणत नाही. पण बापाच्या वाट्याची टक्केवारी मांडली की समोरच्याच्या वाट्याची तेवढी उतरते, आणि ओढाताण पोरीच्या पैशाची होते. भाऊ फोनवर म्हणायचा, “दंड पंचवीस डॉलर, आणि भांडण हजारोंचं.”

तेव्हा पोलिसाची पावती आणि जखमेचा दावा या दोन वेगळ्या गोष्टी समजा. पावती आली म्हणून दावा बुडत नाही, पावती नाही म्हणून सीटचा विषय निघणारच नाही असंही नाही. समोरच्याच्या विमा कंपनीला रेकॉर्डिंगवर जबाब देणं तुम्हाला बंधनकारक नसतं. स्वतःच्या कंपनीला मात्र सहकार्य करावं लागतं, पॉलिसीत तशी अट असते. खोटं कुणालाच बोलू नका, फक्त वकिलाशी बोलल्याशिवाय बोलू नका. तो बहुधा आधी पैसे मागत नाही, मिळालेल्या रकमेतून हिस्सा घेतो, साधारण तिसरा. व्हिसा एच-४ आहे (नोकरीच्या व्हिसावाल्याच्या बायको-पोरांचा), आजी-आजोबा व्हिजिटर व्हिसावर आलेत, म्हणून दावा करता येत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मुलाच्या समझोत्याला सहसा कोर्टाची मंजुरी लागते आणि पैसा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत बँकेत अडकून राहतो. बाप म्हणून मलाही तो काढता आला नाही, आणि ते बरंच झालं.

सीट बसवायला यूट्यूबवर भिस्त ठेवू नका. कित्येक अग्निशमन केंद्रांवर प्रमाणित तंत्रज्ञ फुकट तपासून देतात, फोन करून वेळ घ्या. अशाच एका तंत्रज्ञाने आमची सीट पट्टा जातो तिथे धरून हलवली, एक इंचापेक्षा जास्त हलली, आणि गुडघा टेकवून पुन्हा ओढून घेतली. खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता आला तर तो ढिला. जॅकेट आधी काढायचं, पट्टे लावून झाले की वरून उलटं पांघरायचं. आई आता हे दर वेळी माझ्याआधी करते.

अपघात झालाच तर पोराला उतरवण्याआधी, तो ठीक असेल तर, सीटचा एक फोटो काढा: क्लिप कुठे, पट्टे कसे, लेबल, मुदत. मग सीट फेकू नका. जोराच्या अपघातानंतर ती वापरायची नसतेच, आणि इलिनॉय, कॅलिफोर्नियात तुमच्या विम्यातून नवी मिळते. पण जुनी हा पुरावा आहे. आमची सव्वा वर्ष गॅरेजमध्ये बर्फाच्या फावड्याशेजारी पडून होती. प्रकरण मिटल्याचा वकिलाचा ईमेल आला त्या संध्याकाळी मी कात्रीने तिचे पाचही पट्टे कापले, म्हणजे कुणी कचऱ्यातून उचलून वापरायला नको.