अर्जेंटिनाच्या रेफरींचे सामने बघून शिट्टी कशी शिकावी

फुटबॉल रेफरीची परीक्षा द्यायची म्हटली की नियमांचं पुस्तक महिनाभरात पाठ होतं. पण फाउल होताना उभं कुठे राहायचं, कोणाला विचारायचं आणि शिट्टीनंतर किती थांबायचं, हे मुंबईच्या कूपरेज मैदानावर उतरल्याशिवाय कळत नाही, आणि तिथे शिकायला वेळ मिळत नाही. म्हणून आधी पूर्ण सामने बघा. सुरुवात अर्जेंटिनाच्या रेफरींपासून करा. होरासिओ एलिसोन्दो यांनी २००६ च्या विश्वचषकात आणि नेस्तोर पिताना यांनी २०१८ मध्ये सलामीचा आणि अंतिम असे दोन्ही सामने सांभाळले.

हायलाइट्स निरुपयोगी आहेत. त्यात फाउल दिसतो, पण फाउलच्या आधीचे दहा सेकंद कापलेले असतात आणि रेफरीचं काम त्याच दहा सेकंदांत झालेलं असतं. वहीच्या पानावर मैदान काढा. पहिली १५ मिनिटं प्रत्येक शिट्टीला व्हिडिओ थांबवा. बॉल जिथे असेल तिथे फुली आणि रेफरीच्या जागी टिंब टाका. अंतराचा अंदाज रेषांवरून घ्या: मधल्या वर्तुळाची त्रिज्या ९.१५ मीटर, पेनल्टी एरिया गोललाइनपासून १६.५ मीटर. कॅमेरा बाजूने आणि उंचावर असल्यामुळे मैदानाच्या रुंदीतलं अंतर पडद्यावर आखडतं. रेफरी बॉलला चिकटून वाटला तरी प्रत्यक्षात बराच लांब असू शकतो. रेफरी चौकटीबाहेर गेला तर टिंब टाकू नका. अंदाजाने टाकलेली टिंबं पुढे दिशाभूल करतात.

पहिला सामना इंग्लंड-पोर्तुगाल, १ जुलै २००६. ६२व्या मिनिटाला इंग्लंडच्या वेन रूनीने पोर्तुगालच्या कार्वाल्योवर पाय दिला. एलिसोन्दो अगदी जवळ होते. मग रोनाल्डो धावत आला, रूनीने त्याला ढकललं, गलका झाला आणि लाल कार्ड निघालं. रोनाल्डोच्या आरड्याओरड्यामुळे कार्ड मिळालं अशी चर्चा वर्षानुवर्षं चालली. कार्ड पाय देण्यासाठीच होतं, असं एलिसोन्दो यांनी नंतर स्पष्ट केलं. इथे बॉल सोडून फक्त रेफरीची नजर बघा. इतक्या जवळून पाहिलेलं असलं की दहा जण भोवती ओरडले तरी फरक पडत नाही. वीस मीटरवरून पाहिलं असेल तर पडतो.

दुसरा सामना त्याच वर्षीचा अंतिम, इटली-फ्रान्स. ११० व्या मिनिटाला झिदानने मातेराझ्झीच्या छातीत डोकं मारलं, तेव्हा बॉल दुसरीकडे होता आणि एलिसोन्दो यांनी काहीच पाहिलं नाही. मातेराझ्झी पडलेला दिसल्यावर त्यांनी खेळ थांबवला आणि वायरलेसवर लाइनवरच्या सहाय्यकांना विचारलं. त्यांनीही पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं मैदानाबाहेर उभे असलेले चौथे रेफरी लुइस मेदिना कान्तालेहो यांनी. शिकण्यासारखी गोष्ट अशी की उत्तर मिळेपर्यंत खेळ सुरू होऊ दिला नाही. खेळ पुन्हा सुरू झाला की आधीचा निर्णय बदलता येत नाही, ही नियमातली ओळ या एका प्रसंगाने कायमची लक्षात राहते.

आपल्याकडे स्थानिक सामन्याला चौथा रेफरी क्वचितच असतो, वायरलेस तर नाहीच. म्हणून टॉसच्या आधी दोन मिनिटं सहाय्यकांशी बोला: बॉलच्या मागे राहिलेल्या खेळाडूंकडे कोणी बघायचं, आणि मारामारी दिसली तर झेंडा वर करून तुमची नजर पडेपर्यंत खाली आणायचा नाही. लाइनवर क्लबचीच पोरं असतील तर त्यांच्याकडे फक्त बॉल बाहेर गेला की नाही एवढंच सोपवा. त्यांना फाउल विचारणं म्हणजे भांडण ओढवून घेणं.

२०१८ चा अंतिम सामना, फ्रान्स-क्रोएशिया, पितानांचा. क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला बॉल लागला तेव्हा पिताना व्हीएआरच्या (व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याच्या सोयीच्या) मॉनिटरकडे गेले, पाहिलं, निघाले, परत वळून पुन्हा पाहिलं आणि मग पेनल्टी दिली. फ्रान्सने सामना ४-२ जिंकला. हा सामना गाजतो तो या पेनल्टीमुळे, पण मॉनिटर नसलेल्या मैदानावर ती आपल्या उपयोगाची नाही. त्याआधी १८व्या मिनिटाच्या गोलपूर्वीची फ्री किक बघा. फ्रान्सचा ग्रीझमन पडला, फाउल दिला, त्यावर बरीच टीका झाली. व्हिडिओ थांबवून स्वतःच ठरवा की पितानांच्या जागेवरून दोन खेळाडूंमधली फट दिसत होती का. फट दिसत नसेल तर पडणं तेवढं दिसतं, धक्का दिसत नाही.

हाविएर कास्त्रिल्ली यांचे नव्वदच्या दशकातले सामने सगळ्यात शेवटी ठेवा. त्यांना 'शेरिफ' म्हणत. १९९६ मध्ये त्यांनी मॅराडोनालाही बाहेर काढलं. नव्या रेफरीला त्यांची कडक शिस्त भुरळ घालते, आणि पहिल्याच सामन्यात पाचव्या मिनिटाला बारीकसारीक गोष्टीवर पिवळं निघतं. मग तशाच प्रत्येक गोष्टीला कार्ड द्यावं लागतं.

हाणामारी हाताळायची कशी, यासाठी फाकुंदो तेयो यांचा नोव्हेंबर २०२२ चा बोका-रासिंग हा अर्जेंटिनाच्या दोन क्लबांचा सामना बघा. त्यात १० लाल कार्डं निघाली, ७ बोकाची आणि ३ रासिंगची. घोळक्यात शिरू नका. काही पावलं मागे सरून सगळे दिसतील असे उभे राहा, समोरच्या बाजूने एक सहाय्यक असू द्या, आणि कार्ड काढण्याआधी जर्सीचे नंबर लिहून घ्या. एखाद्या संघाचे मैदानावर सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना पुढे चालवता येत नाही. राखीव खेळाडूला दिलेलं लाल या मोजणीत धरत नाहीत.

नंबर लिहायला पेन्सिल ठेवा. जुलैच्या पावसात ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही. शेजारी दुसरा सामना चालू असेल तर किक-ऑफआधी त्या रेफरीच्या शिट्टीचा सूर ऐका, आणि तुमचीही तशीच असेल तर बदलून घ्या.