पाहुण्यांना ग्रेस्टोन दाखवायला नेताना

ऑक्टोबर लागला की आमच्या पार्सिपनीत घरातली पोरं आणि भारतातून आलेले पाहुणे एकाच सुरात मागे लागतात: ते भुतांचं हॉस्पिटल दाखवा, म्हणजे ग्रेस्टोन, इथलं जुनं मनोरुग्णालय. मी नाही म्हणत नाही, आवर्जून नेते. फक्त कसं न्यायचं, हे आता माझं ठरलेलं आहे. न्यू जर्सीत आपली बरीच मंडळी राहतात, म्हणून लिहून ठेवते.

निघण्यापूर्वीच सांगून टाका की इंटरनेटवरच्या फोटोंतली ती दगडी इमारत आता नाही. 2015 साली ती पाडली. आवाराचा मोठा भाग आता मॉरिस काउंटीचं सेंट्रल पार्क आहे, लोक तिथे पळायला आणि कुत्री फिरवायला येतात. दिवसाउजेडी जा. मनाईची पाटी दिसली तर तिच्यापुढे जाऊ नका. एक गोष्ट मात्र सगळ्यांना बजावून सांगा: 2008 साली उघडलेलं नवं मनोरुग्णालय तिथेच चालू आहे. तिथे आज पेशंट आहेत आणि त्यांचे आईवडील, भावंडं त्यांना भेटायला येतात. त्या बाजूला कॅमेरा रोखायचा नाही, कोणी ये-जा करताना दिसलं तर टक लावून बघायचं नाही.

गाडीतल्या गप्पा सांभाळणं त्याहून महत्त्वाचं. माझा नियम असा: गाडीत बसलेल्यांपैकी एक जण रोज रात्री मनाच्या आजाराची गोळी घेतो, असं धरून बोलायचं. अंदाज बांधायचा नाही, कोणाकडे बघायचंही नाही, नुसतं धरून चालायचं. असं बोलायची सवय लागली की जीभ आपोआप ताळ्यावर येते.

हा नियम माझ्या काकामुळे आला. त्याला स्किझोफ्रेनिया होता. त्याच्या गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून पोह्यांच्या डब्यामागे ठेवलेल्या असत, आणि पाहुणे यायचे असले की आजी ती पुडी उचलून आतल्या फडताळात टाकायची. आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या मात्र जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी. काका कॅरममध्ये आम्हा सगळ्यांना हरवायचा, कोणाचा वाढदिवस कोणत्या वारी येतो ते चटकन सांगायचा. पण घरात लग्नाची बैठक असली की त्याला गावी पाठवत. तो सगळं ऐकत असे, त्याला सगळं समजत असे.

तिथे पोचल्यावर भुतांच्या गोष्टी कोणी काढल्या तर रागावू नका. खऱ्या गोष्टी सांगायला घ्या, त्या जास्त धरून ठेवतात. डोरोथिया डिक्स या बाईंनी 1840च्या दशकात न्यू जर्सीचे तुरुंग आणि गरिबांची आश्रयगृहं पालथी घातली. मानसिक रुग्णांना तिथे कोंडून ठेवलेलं पाहून त्यांनी विधिमंडळापुढे निवेदन मांडलं. त्यातून 1848 साली ट्रेंटनला हॉस्पिटल झालं, आणि तेही भरून गेल्यावर 1876 साली हे. भयपटात शोभेल असा तो लांबलचक आकार खरं तर उजेडासाठी होता. डॉ. थॉमस कर्कब्राइड यांच्या आराखड्यात मधला भाग पुढे आणि दोन्ही अंगांचे वॉर्ड टप्प्याटप्प्याने मागे असत, म्हणजे प्रत्येक खोलीला ऊन आणि वारा मिळे. ऊन-वारा हाही त्यांच्या मते उपचारच होता.

मग बिघडलं कुठे, हे पोरं विचारतातच. मुख्य इमारत साधारण सहाशे रुग्णांसाठी बांधलेली. पुढे आवारात आणखी इमारती झाल्या, पण माणसं त्याहून वेगाने वाढली. 1950च्या दशकात इथे 7,000हून जास्त रुग्ण होते. एवढ्यांकडे बघणार कोण? त्या काळी अशा हॉस्पिटलांत इन्सुलिन टोचून रुग्णाला कोमात नेण्याचे उपचारही होत. हे लपवू नका. पण त्याच दमात सांगा की सिनेमात दिसणारा विजेचा शॉक आज भूल देऊन देतात आणि तीव्र नैराश्यात त्याचा गुण येतो. नाहीतर उद्या घरात कोणाला डॉक्टरांनी ते सुचवलं, तर त्याच्या डोळ्यांपुढे सिनेमाच येईल.

मला स्वतःला वुडी गथ्रींबद्दल सांगायला सर्वांत आवडतं. हा मोठा लोकगायक 1956 ते 1961 इथे होता. त्यांना हंटिंग्टनचा आजार होता. तो आनुवंशिक असतो, शरीर आपोआप हलतं, बोलणं अडखळतं, मनावरही परिणाम होतो. लोकांना ते दारू प्यायलेत असं वाटे. त्यांच्या आईलाही हाच आजार होता आणि तिलाही मनोरुग्णालयात ठेवलं होतं. ईस्ट ऑरेंजचं एक जोडपं रविवारी त्यांना आपल्या घरी आणायचं. 1961च्या सुरुवातीला एकोणीस वर्षांचा नवखा गायक बॉब डिलन भेटायला आला आणि त्याने त्यांची गाणी त्यांनाच म्हणून दाखवली. पोरांना मी विचारते, आपल्यापैकी कोण कोणाला असं रविवारी घरी आणतं?

ज्येष्ठांपैकी कोणीतरी "याला येरवड्याला पाठवा" म्हणणारच. चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नका, माणूस हट्टाला पेटतो. मी सासऱ्यांना साधं म्हटलं, "बाबा, तिथे लोक उपचार घेतात आणि घरी येतात. माझा काकाही औषधावरच होता." ते गप्प झाले, आणि थोड्या वेळाने त्यांनीच काकाची चौकशी केली.

अशा फेरीनंतर दोन-तीन दिवसांनी कधी कधी कोणीतरी तुम्हाला एकटं गाठतं. भांडी आवरताना, नाहीतर विमानतळाच्या वाटेवर. त्या वेळी "मन खंबीर कर" म्हणू नका. झोप लागते का, जेवण जातं का, हे विचारा आणि "डॉक्टरकडे मी सोबत येऊ का?" म्हणा. त्याने सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय घरात कोणालाही सांगू नका, नवऱ्यालाही नाही. अपवाद एकच: जीव द्यायची भाषा आली तर गुपित पाळायचं नाही, त्याला एकटं सोडायचं नाही. अमेरिकेत 988 ला फोन किंवा मेसेज करा. भारतातल्या माणसासाठी टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा नंबर 14416 आहे, तिथे रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं.