इंग्लंडमधल्या गावांच्या नावांतले जुने शब्द कसे ओळखावेत

हाउन्स्लो, साउथॉल, वेम्ब्ली, क्रॉयडन ही लंडनच्या उपनगरांची नावं म्हणजे जुन्या इंग्रजीतली साधी वर्णनं आहेत. आपल्याकडे पिंपळगाव, चिखली किंवा निंबाळवाडी असतं तशीच. फरक एवढाच की ज्या भाषेत ती घडली ती हजार वर्षांत पार बदलून गेली. म्हणून आजच्या स्पेलिंगवर भरवसा ठेवून अर्थ लावायला बसू नका. बहुतेक घोळ तिथेच होतो.

आधी नावाचं सर्वांत जुनं रूप शोधा. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमिनीच्या पाहणीच्या दप्तरात, बहुतेक गावं सापडतात, मात्र त्यात डरहॅम आणि नॉर्थम्बरलंड हे उत्तरेकडचे भाग नाहीत, लंडन शहरही नाही. त्याआधीची दानपत्रं मिळाली तर उत्तमच. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे परगणावार खंड हा पक्का आधार आहे, आणि नॉटिंगहॅम विद्यापीठाचा नामकोश इंटरनेटवर पाहता येतो. डूम्सडेचे लेखनिक नॉर्मन, म्हणजे फ्रान्समधून आलेल्या राज्यकर्त्यांच्या, वळणाचे होते हे लक्षात असू द्या. त्यांच्या कानाला जड जाणारे उच्चार बदलत गेले. नॉटिंगहॅम मुळात ‘स्नॉटिंगहॅम’ होतं, स्नॉटा नावाच्या माणसाच्या कुळाची वस्ती. पुढचा ‘स’ नॉर्मन प्रभावाने गळाला.

जुनं रूप का हवं, ते क्रॉयडनवरून कळेल. शेवटी ‘डन’ दिसतो, म्हणून टेकडी म्हणावं असं वाटतं, कारण ‘डून’ म्हणजे टेकडी. स्विंडन खरोखरच ‘डुकरांची टेकडी’ आहे. पण डूम्सडेत क्रॉयडन ‘क्रॉइनडेने’ असं लिहिलंय, म्हणजे शेवटचा शब्द ‘डेनु’, दरी. पहिला शब्द केशराचा, म्हणून केशराची दरी. तिसरा सापळा केंटमध्ये: तिथला ‘डेन’ बहुधा डुकरं चारायचं रान असतो, टेंटर्डन हे त्याचं उदाहरण. टेकडी, दरी आणि चराऊ रान, तिन्ही आज जवळपास सारखीच ऐकू येतात.

मग नाव शेवटाकडून फोडा. मागचा शब्द जागेचा प्रकार सांगतो, पुढचा तिची ओळख. ‘टन’ म्हणजे ‘टून’, मूळ अर्थ कुंपण. कुंपणातलं शेत, मग वाडी, मग गाव असा त्याचा अर्थ सरकत गेला. आपल्या ‘वाडी’च्या मुळाशीही संस्कृतातला ‘वाट’, म्हणजे कुंपण घातलेली जागा आहे, त्यामुळे हा प्रवास मराठी माणसाला फार समजावून सांगावा लागत नाही. नॉर्टन, सटन, वेस्टन ही उत्तरवाडी, दक्षिणवाडी, पश्चिमवाडीच.

‘हॅम’ मात्र जपून वाचा. ‘हाम’ म्हणजे घर, वस्ती. बर्मिंगहॅम ही बेओर्मा नावाच्या माणसाच्या लोकांची वस्ती, मधला ‘इंग’ त्या ‘लोकांचा’. दुसरा शब्द ‘हम्म’, म्हणजे नदीच्या वळणात किंवा दलदलीत वेढलेली जमीन. लंडनचं ईस्ट हॅम दुसऱ्या प्रकारचं. जुन्या रूपात दोन ‘म’ दिसले आणि नकाशावर नदीचं वळण असेल, तर ‘हम्म’ची शक्यता धरा.

‘विक’ लॅटिनमधून आला. व्यापाराची पेठ किंवा एखाद्या मालासाठीचं शेत असे त्याचे अर्थ होतात. गॅटविक ही शेळ्यांची वाडी. लंडनचं चिझिक आणि उत्तरेतलं केझिक या दोन्ही नावांचा अर्थ चीज बनवणारी वाडी. दक्षिणेत ‘च’ राहिला, उत्तरेत डॅनिश-नॉर्वेजियन वस्तीकरांच्या तोंडी ‘क’ झाला. लॅटिन ‘कास्ट्रा’वरून आलेल्या चेस्टर आणि कास्टर या जोडीतही हेच दिसतं.

त्याच वस्तीकरांचा ‘बी’ म्हणजे गाव: ग्रिम्सबी, डर्बी. पूर्व आणि उत्तर इंग्लंडात तो सर्रास आढळतो, तिथून दूर गेलात की शंका घ्या. रग्बी डूम्सडेत ‘रोचेबेरी’ आहे, म्हणजे मुळात ‘बुर्ह’, गढी. ‘बी’ नंतर चिकटला.

यानंतर उंचसखलपणा दाखवणारा नकाशा उघडा. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा पुरतो. स्थलनामांच्या अभ्यासक मार्गारेट गेलिंग यांनी दाखवून दिलं की जुन्या इंग्रजीत टेकडीच्या आकारानुसार वेगळे शब्द होते. वर गाव वसेल अशी सपाट टेकडी ‘डून’, टाचेसारखी पुढे आलेली सोंड ‘होह’, लहान गोल उंचवटा ‘बेओर्ग’. माळ, पठार, सुळका, माची यांत आपण जो फरक करतो, तोच हा बारकावा. अर्थ जागेशी जुळला नाही, तर फोड पुन्हा तपासा.

नद्यांच्या बाबतीत एक उलटी चाल आहे. केंब्रिजची नदी मुळात ‘ग्रँटा’, आणि गाव ग्रँटावरचा पूल. गावाचं नाव झिजत केंब्रिज झालं, मग लोकांनी गावावरून नदीलाच ‘कॅम’ केलं. त्यामुळे नदीच्या नावावरून गावाचा अर्थ लावण्याआधी नदीचं जुनं नावही पाहा.

नावापुढे मॅग्ना-पार्व्हा दिसलं तर थांबायची गरज नाही. लॅटिनमधलं थोरलं-धाकटं आहे ते. लेस्टरशरमधलं ॲशबी मॅग्ना आणि ॲशबी पार्व्हा म्हणजे आपलं आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द.

शेवटी नोंद करताना वर्ष, जुनं रूप, फोड आणि अर्थ अशी ओळीने लिहा. वेम्ब्लीची नोंद अशी होईल: ८२५, वेम्बा लेआ, वेम्बा हे माणसाचं नाव, ‘लेआह’ म्हणजे जंगल तोडून केलेली मोकळी जागा, वेम्बाचं रान. दोन अर्थ शक्य असतील तिथे दोन्ही लिहा. हाउन्स्लोच्या नोंदीत ‘हुंड’ नावाच्या माणसाचा उंचवटा की शिकारी कुत्र्याचा उंचवटा, हा पर्याय तसाच ठेवा.