बँकॉकमध्ये भाड्याचं घर लावताना: पहिल्या महिन्याची कामं

बँकॉकला येऊन काही महिने झाले होते. इमिग्रेशन कार्यालयात व्हिसाच्या मुदतवाढीसाठी रांगेत उभे राहिलो, तेव्हा कळलं की आम्ही राहतो त्या पत्त्यावर आमची नोंदच नाही. घरमालक सज्जन, भाडं वेळेवर जात होतं, पण नोंद करायचं काम त्याचं आहे हे त्यालाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही. दोन दिवस गेले ते निस्तरण्यात. म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: पडदे, गाद्या, भांडी नंतर. आधी कागद, मग वीज, मग स्वयंपाकघर.

१. निघण्यापूर्वी

१ मे २०२५ पासून थायलंडमध्ये उतरणाऱ्या परदेशी प्रवाशाला आगमनपत्र ऑनलाइन भरावं लागतं. उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते भरा. फॉर्म सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर ती जागा चुकीची. लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले मूळ प्रतीत सोबत घ्या. जोडीदाराच्या नोकरीवर आश्रित म्हणून व्हिसा काढायचा तर ते लागतातच.

२. घर बघताना पहिला प्रश्न विजेचा

इथे 'कोंडो' आणि 'अपार्टमेंट' हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि फरक थेट खिशाला जाणवतो. कोंडोतला प्रत्येक फ्लॅट वेगळ्या मालकाचा असतो आणि विजेचं बिल बहुधा सरकारी वीज मंडळाकडून येतं. अपार्टमेंटची अख्खी इमारत एकाच मालकाची असते आणि तो स्वतःच्या दराने वीज विकतो. सरकारी दर युनिटला साधारण चार बाहतच्या (बाहत हे थाई चलन) आसपास असताना अशा इमारतीत सात-आठ बाहत लावलेले दिसतात. एप्रिलच्या उकाड्यात दोन एसी चालवणाऱ्या घराला ही तफावत महिन्याला हजारांत पडते. म्हणून भाडं विचारायच्या आधी विचारा: वीज कुणाची, युनिट कितीला? शक्य असेल तर मागच्या महिन्याचं बिल बघायला मागा.

करार बहुतेक वर्षाचा असतो. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिना आगाऊ, ही सर्रास चालणारी पद्धत. किल्ली हातात आली की सामान आत आणण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या डागांचे, गादीचे, एसीचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. घर सोडताना डिपॉझिट परत मिळवायला याहून चांगला आधार नाही. करारावर वर्ष २५६९ असं दिसलं तर घाबरू नका. थाई बौद्ध सनातून ५४३ वजा केले की आपलं २०२६ मिळतं. दुधाच्या पिशवीवर आणि औषधाच्या पाकिटावरही कधी कधी हेच सन असतं, तेव्हा हे गणित तोंडपाठ करून टाका.

३. सही करण्यापूर्वी 'टीएम ३०' बोलून घ्या

परदेशी माणूस घरात राहायला आला की २४ तासांच्या आत इमिग्रेशनला कळवायची जबाबदारी घरमालकाची आहे. १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यातलं हे ३८ वं कलम. त्या नोंदीला सगळे 'टीएम ३०' म्हणतात. जबाबदारी मालकाची असली तरी अडतं आपलं, कारण मुदतवाढीच्या वेळी त्याची पावती मागतात. मालकाला स्पष्ट विचारा: "तुम्ही कराल का? कधी? पावतीची प्रत द्याल का?" गोलमोल उत्तर आलं, तर घर कितीही आवडलेलं असो, थांबा. मी तर आता या एका उत्तरावर मालक पारखते. पावती मिळाली की पासपोर्टसोबत ठेवा.

दुसरी नोंद तुमची स्वतःची. देशात सलग ९० दिवस राहिलात की पत्ता कळवायचा, आणि मग दर ९० दिवसांनी. याला 'टीएम ४७' म्हणतात. तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत मुभा असते, उशीर झाला तर २,००० बाहत दंड. मध्ये देशाबाहेर जाऊन आलात की मोजणी नव्याने सुरू होते. फोनमध्ये आठवण लावा, घरातल्या प्रत्येकाच्या नावाने वेगळी, कारण नवरा मध्येच सिंगापूरला जाऊन आला तर त्याची तारीख बदलते, तुमची नाही.

४. इमारतीच्या कार्यालयात ओळख करून घ्या

कोंडोच्या तळमजल्यावरच्या कार्यालयाला 'नितिबुक्कोन' म्हणतात. आपल्या सोसायटीच्या ऑफिससारखंच. पार्सलं, किल्लीची कार्डं, कचऱ्याची जागा, बाल्कनीत कपडे वाळवायचे नियम, सगळं इथेच कळतं. हात जोडून 'सवादी खा' म्हणा, पुरुषांनी 'सवादी खाप'. नमस्कार आपल्याला शिकवावा लागत नाही, हा आपला फायदा.

तिथूनच आपला पत्ता थाई लिपीत लिहून घ्या आणि फोनमध्ये फोटो ठेवा. टॅक्सीला, पाणीवाल्याला, एसीवाल्याला तोच दाखवायचा. गल्लीला 'सोई' म्हणतात. सुखुमवित रस्त्यावर एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम आकड्यांच्या सोया आहेत, पण समोरासमोरचे आकडे जुळत नाहीत. सोई ५५ च्या जवळपास समोर सोई ३८ येते. आकडे बघून चालत निघालात तर उन्हात फार लांब जाल.

५. वीज, पाणी, एसी

विजेचं बिल टपालपेटीत येतं. बँकेच्या ॲपवर किंवा कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हन दुकानात बारकोड दाखवून भरता येतं. नळाचं पाणी पीत नाहीत. मोठ्या बाटल्या घरपोच येतात, आणि सोईत पाण्याची यंत्रं असतात, साधारण एका बाहतला एक लिटर. यंत्राची तोटी आणि निगा बघूनच भरा. एसी दर सहा महिन्यांनी धुऊन घ्यायचा. 'लांग ए' म्हटलं की कळतं. साधारण जानेवारी ते मार्च हवा धुरकट असते, तेव्हा घरात लहान मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर हवा शुद्ध करणारं यंत्र घ्याच.

६. स्वयंपाकघर

बहुतेक कोंडोत गॅस सिलिंडरला परवानगी नसते. शेगडी विजेची, इंडक्शन किंवा काचेची. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, म्हणून येताना इंडक्शनच्या बुडाचा स्टीलचा कुकर आणि सपाट लोखंडी तवा आणा. मिक्सर आणा, आपल्यासारखीच ५० हर्ट्झची वीज आहे आणि दाबही चालतो. आपला तीन पिनांचा प्लग मात्र बसत नाही. ॲडॉप्टरपेक्षा इलेक्ट्रिशियनकडून थाई प्लग बसवून घेतलेला बरा, अर्थिंग टिकतं.

भारतीय वाणसामानासाठी फाहुरात. मेट्रोच्या साम योत स्थानकावरून चालत जाता येतं, गुरुद्वाराचा सोनेरी घुमट दिसला की पोहोचलात. कणीक, डाळी, पोहे, शेंगदाणे, हिंग तिथून महिन्याचं आणा. भाजीला मात्र रोजचा थाई बाजारच उत्तम. शेवगा म्हणजे 'मरुम', कारलं 'मरा', भेंडी 'क्राच्याप', दोडका 'बुआप ल्याम', चिंच 'मखाम'. नारळवाला यंत्रावर ताजा चव करून किलोवर विकतो. खवणीशिवाय सोलकढी आणि मोदकाचं सारण, हे सुख मला पुण्यात नव्हतं. मासे खाणाऱ्यांना इथे परकं वाटणारच नाही: 'प्ला थू' आपल्या बांगड्याचा सख्खा भाऊ, 'प्ला इन्सी' म्हणजे सुरमई, 'कुंग हॅंग' म्हणजे सोडे. भाताला 'होम माली' सुवासिक पण चिकट, पाणी कमी घाला. मोकळा भात हवा तर 'साओ हाय' तांदूळ मागा.

शाकाहारी असाल तर एवढं लक्षात ठेवा: 'फाक' म्हणजे भाजी मागितली तरी त्यात बहुधा 'नाम प्ला' म्हणजे माशाचा सॉस असतो. पिवळ्या झेंड्यावर लाल 'जे' असं थाई अक्षर दिसेल तिथे मांस, मासे, अंडं, दूध, कांदा, लसूण काहीच नसतं.

७. दोन गोष्टी फ्रिजवर चिकटवा

पहिली, आणीबाणीचे क्रमांक: रुग्णवाहिका १६६९, पोलीस १९१, आग १९९, पर्यटक पोलीस ११५५. शेवटच्या क्रमांकावर इंग्रजी चालतं.

दुसरी, गणपतीला किंवा दिवाळीला घरी जाण्याआधी 'री-एंट्री परमिट'. राहण्याची मुदतवाढ मिळालेला माणूस ते न घेता देशाबाहेर गेला की ती मुदत रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. एकदाच जायचं तर १,००० बाहत, कितीही वेळा जायचं तर ३,८००. सुवर्णभूमी विमानतळावर पासपोर्ट तपासणीपाशीही ते काढून मिळतं, पण लहान मुलं आणि मोदकाच्या साच्यांनी भरलेल्या बॅगा सोबत असताना त्या रांगेत उभं राहण्यापेक्षा आदल्या आठवड्यात काढून ठेवा.