‘फुकट मिळालं’ म्हणजे ‘वापरायची मुभा मिळाली’ नव्हे: सॉफ्टवेअर लायसन्सच्या या चुका टाळा

ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तर आपण दोन-दोन आठवडे आकडे ताडून बघतो. रॅमचा वेग, एसएसडीचं आयुष्य, पॉवर सप्लायचे वॅट, सगळं तोंडपाठ असतं. त्याच संगणकावरच्या विंडोजची की (ते अधिकृतपणे चालू करायचा क्रमांक) कुठून आली असं विचारलं, की उत्तर येतं, ‘दुकानदाराने टाकून दिलंय.’ मित्रांचे आणि नातेवाइकांचे संगणक जुळवून देणं, बिघडले तर बघणं हे मी बरीच वर्षं करतोय. हार्डवेअरच्या दोषापेक्षा या ‘टाकून दिलेल्या’ सॉफ्टवेअरनेच मला जास्त रात्री जागवलंय.

लायसन्समध्ये मुख्यतः तीन गोष्टी बघायच्या असतात: वापरायचं कोणी, कशासाठी आणि किती यंत्रांवर. सॉफ्टवेअरला पैसे पडले की नाही, ही गोष्ट वेगळी. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका परवानगी आणि किंमत या दोन गोष्टींची गल्लत केल्याने होतात.

‘ॲक्टिव्हेटेड दाखवतंय, म्हणजे ओरिजिनलच’

माझ्या मावसभावाने दुकानातून संगणक जुळवून घेतला. बिलात विंडोजचं नाव नव्हतं, पण सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसत होतं. चार महिन्यांनी त्याने फोन केला, ‘दादा, विंडोजचा अँटिव्हायरस, तो डिफेंडर, चालू केला की आपोआप बंद होतोय.’ मी त्याला कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच डी-एल-आय असं टाइप करायला सांगितलं. उघडलेल्या खिडकीत ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ असे शब्द होते. घरच्या एकुलत्या संगणकावर हे शब्द असायचं काहीच कारण नाही.

केएमएस ही मोठ्या संस्थांसाठीची सोय आहे. संस्थेत किमान २५ संगणक असले, की तिचा स्वतःचा सर्व्हर त्यांना विंडोज ॲक्टिव्हेट करून देतो. ते ॲक्टिव्हेशन १८० दिवस चालतं आणि त्या सर्व्हरशी बोलून पुन्हा पुन्हा ताजं होत राहतं. घरी असा सर्व्हर नसतो, म्हणून ‘ॲक्टिव्हेटर’ नावाचा प्रोग्रॅम त्याचं सोंग घेतो. हे सोंग अँटिव्हायरसला पटत नाही, म्हणून आधी त्यालाच बंद करायला सांगतात. दार आपणच सताड उघडतो. मग त्या झिप फाइलमधून आणखी कोण कोण आत येतं, ते कळायला मार्ग उरत नाही.

अशा वेळी वरवरची साफसफाई करू नका. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या ड्राइव्हवर काढा. दुसऱ्या स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवा, जुनी डिस्क पूर्ण पुसून नव्याने विंडोज टाका आणि ईमेल-बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. आम्ही हेच केलं. एक अख्खा रविवार गेला.

लॅपटॉपवाल्यांची चूक याहून वाईट वाटते, कारण तिथे हक्काची वस्तू घरात असते. विंडोजसकट विकल्या गेलेल्या अलीकडच्या लॅपटॉपची की त्याच्या मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते. फॉरमॅट करून तीच आवृत्ती पुन्हा टाकली, की इंटरनेट मिळताच ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. तरीही लोक दुकानात जातात आणि पैसे मोजून ‘होम’ आवृत्तीच्या जागी क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप तोडलेली, ‘प्रो’ आवृत्ती टाकून आणतात.

आणखी दोन शब्द नीट समजून घ्या. ‘ओईएम’ लायसन्स, म्हणजे यंत्रासोबतच आलेलं, त्या यंत्राशी बांधलेलं असतं, मदरबोर्ड बदलला की बहुधा तेही संपतं. ‘रिटेल’, म्हणजे सुटं विकत घेतलेलं, लायसन्स जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतं. मदरबोर्ड बदलणार असाल तर त्याआधीच ते मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवा. मग सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये ‘नुकतंच हार्डवेअर बदललंय’ हा पर्याय कामी येतो. दोन-चारशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या कीचं काय? त्यांतल्या अनेक की कुठल्या तरी संस्थेच्या व्हॉल्यूम (एकगठ्ठा खरेदीच्या) करारातून बाहेर आलेल्या असतात. आज चालतात, पण मूळ करार रद्द झाला की बंद पडतात. चालत होत्या तेव्हाही त्या तुमच्या नव्हत्याच. ॲक्टिव्हेट न केलेलं विंडोज चालतं, अपडेटही घेतं, पण तीही कायम वापरायची परवानगी नाही.

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सगळ्यांना मिळणारे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बरेच जण ११ वर गेले. अपग्रेड केल्यावर जुनं बेकायदा लायसन्स पावन होतं, हा समज मी अनेकांकडून ऐकलाय. तसं होत नाही.

‘घरच्या वापराला कोण विचारतंय’ म्हणणाऱ्यांनी कायदा एकदा डोळ्यांखालून घालावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली, तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच राहतो. आणि याच कायद्याचं कलम ५२ रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत काढायचा हक्क तुम्हाला देतं.

घरचं मोफत साधन ऑफिसात नेणं

ही खास आपल्यासारख्या हौशी लोकांची चूक. घरी आवडलेलं साधन आपण सोमवारी ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकतो. यात लबाडी नसते, उत्साह असतो. पण तेवढ्याने ‘कशासाठी’ या प्रश्नाचं उत्तर बदललेलं असतं.

एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स हे याचं नेमकं उदाहरण. मूळ पॅकेज जीपीएल या खुल्या लायसन्सखाली आहे, ऑफिसात खुशाल वापरा. त्याचं ‘एक्स्टेन्शन पॅक’ (जादा सोयींची जोड) मात्र वेगळ्या लायसन्सखाली येतं. वैयक्तिक आणि शैक्षणिक वापराला मोफत, व्यवसायाला नाही. दोन्ही एकाच पानावरून उतरवता येतात, म्हणून फरक ध्यानात येत नाही. प्रोग्रॅम स्वतंत्र डब्यांत चालवणारं डॉकर डेस्कटॉप ऑगस्ट २०२१ मध्ये बदललेल्या अटींनुसार २५० पेक्षा कमी कर्मचारी आणि १ कोटी डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कंपन्यांनाच मोफत आहे. इथे दोन्ही अटी एकदमच पाळाव्या लागतात. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या आयटी कंपन्या या चौकटीत बसत नाहीत. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नुसतं डॉकर इंजिन वापरलं तर हा प्रश्न येत नाही, ते अपाचे या खुल्या लायसन्सखाली आहे. ओरॅकल कंपनीच्या जावा या प्रोग्रॅमिंग साधनाच्या अटी २०१९ पासून अनेकदा बदलल्यात. त्या घोळात शिरण्यापेक्षा ओपनजेडीके या खुल्या जावाची टेमुरिनसारखी तयार बांधणी घ्या.

दुसऱ्याचा संगणक लांबून चालवू देणाऱ्या टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्कचंही तेच. आईचा संगणक लांबून नीट करायला मोफत, पण गिऱ्हाइकांचे संगणक दुरुस्त करायला नाही.

गिटहबवरचा कोड आणि त्याचा मालक

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कोड उघडा दिसतो, म्हणून तो ‘ओपन सोर्स’, म्हणजे कोणीही वापरावा-बदलावा असा, असं धरून चालणं ही नव्या प्रोग्रॅमरांची मोठी चूक. ज्या रेपॉझिटरीत (प्रकल्पाच्या फोल्डरात) लायसन्स फाइलच नाही, तिचे सगळे हक्क लेखकाकडेच असतात. गिटहबच्या अटींमुळे तुम्हाला तो कोड बघता येतो, फोर्क करता येतो (गिटहबवरच आपली प्रत काढता येते), पण आपल्या उत्पादनात घालता येत नाही. उपाय सोपा आहे: लेखकाला गिटहबवरच इश्यू (प्रश्नाची नोंद) टाकून नम्रपणे विचारा. अनेकदा ती फाइल टाकायची राहून गेलेली असते.

खुल्या लायसन्सपैकी एमआयटी लायसन्स फार मोकळं आहे, पण त्याची एक अट आहे, कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायचा. नेमकी तीच पुसली जाते. जीपीएलबद्दल उलटे गैरसमज. जीपीएलचं सॉफ्टवेअर विकता येतं. स्वतःपुरता बदल केला तर तो जगजाहीर करावा लागत नाही. पण बदललेली प्रत दुसऱ्याच्या हाती दिली, की तिचा सोर्सही (मूळ कोड) त्याला द्यावा लागतो. एजीपीएल या जीपीएलच्या कडक भावंडात तर बदललेला प्रोग्रॅम सर्व्हरवर चालवून लोकांना वापरायला दिला, तरी ही अट लागू होते.

ही अट जाचक वाटत असेल तर लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरकडे बघा. त्याच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) जीपीएलखालचं लिनक्स निघालं, लोकांनी जीपीएलवर बोट ठेवलं आणि २००३ मध्ये कंपनीने सोर्स खुला केला. त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. आज जुन्या राउटरला आपण नवं आयुष्य देतो, ते त्या एका अटीमुळे. म्हणून ती पाळताना मला ओझं वाटत नाही.

फॉन्ट

व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘५०० मराठी फॉन्ट’ची झिप फाइल उघडू नका. लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळ्याला पुरतील असे मुक्ता, बालू आणि तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर आहेत. ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली येतात. छापील आणि व्यावसायिक कामालाही चालतात, फक्त नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही.

नोंद ठेवा, आजपासून

यंत्र बंद पडल्यावर की शोधत बसण्यासारखा मनस्ताप नाही. एक साधी स्प्रेडशीट करा, लिब्रेऑफिसमध्येही चालेल: सॉफ्टवेअरचं नाव, कुठून घेतलं, लायसन्स कुठलं, किती यंत्रांवर, कुठल्या खात्याशी जोडलंय, मुदत कधी संपते. बिलाचा फोटो शेजारी ठेवा आणि ही फाइल त्याच संगणकावर एकटी राहू देऊ नका. मावसभावाच्या फाइलमध्ये त्या रविवारी रात्री पहिली ओळ पडली: विंडोज ११ होम, रिटेल, एक यंत्र.