कंपनीचं कार्ड घ्या, पण सही करण्याआधी हे विचारा

भोसरी एमआयडीसीतल्या मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत मी अकाउंट्स सांभाळते. आमची सर्व्हिसची मुलं सतत टूरवर असतात, कधी होसूर, कधी पिथमपूर, कधी कोइमतूर. टूरचा खर्च कंपनीच्या क्रेडिट कार्डवर करायचा म्हटलं की माझ्या टेबलापाशी ठरलेले प्रश्न येतात. कंपनीने बिल थकवलं तर बँक मला धरेल का? माझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा गुण, बिघडेल का? गृहकर्जाचा अर्ज टाकायच्या बेतात असलेल्या मुलाने हे विचारायलाच हवं, आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

कार्डावर तुमचं नाव छापलंय, एवढ्यावरून देणं कोणाचं हे कळत नाही. काही कार्डांचं सगळं देणं कंपनीचं असतं, काहींचं कर्मचाऱ्याचं, तर काहींत दोघांचं मिळून. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डांच्या नियमांनुसार कंपनीची जबाबदारी कुठवर आणि कर्मचाऱ्याची कुठवर, हे बँकेने स्पष्ट नमूद करायचं असतं. म्हणजे ते कुठेतरी लिहिलेलं आहे. अर्जाची प्रत आणि अटींचा कागद मागून घ्या आणि त्यात ‘लायबिलिटी’ हा शब्द शोधा. त्याच्या आगेमागे ‘जॉइंट अँड सेव्हरल’ असेल, तर पूर्ण रकमेसाठी बँक एकट्या तुमच्याकडेही येऊ शकते. पॅन कार्ड मागितलं म्हणून लगेच घाबरू नका, ते केवायसीसाठीही लागतं. पण तुमची क्रेडिट माहिती तपासायला संमती मागितली असेल, तर ती कशासाठी हे विचारा.

कार्ड मिळाल्यावर काही महिन्यांनी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यात हे कार्ड तुमच्या खात्यांमध्ये दिसलं, तर त्याची उशिराची नोंदही तुमच्याच नावावर लागणार हे समजून चाला.

देणं तुमच्या नावावर असेल, तर सगळं तारखांवर येतं. समजा, स्टेटमेंट १८ तारखेला निघतं, भरण्याची मुदत पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला संपते, आणि तुमचा क्लेम, म्हणजे टूरच्या खर्चाची कंपनीकडे केलेली मागणी, पास व्हायला महिना लागतो. मग मधले पैसे तुमच्या पगारातून जाणार. मुदत उलटून ३ दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय बँकेला उशिराचा दंड लावता येत नाही आणि क्रेडिट संस्थांना थकबाकी कळवताही येत नाही, पण या ३ दिवसांच्या भरवशावर टूर काढू नये. कार्ड घेतानाच एचआर आणि अकाउंट्सला एक मेल टाका. चार ओळी पुरतात: ‘क्लेम किती दिवसांत पास होईल ते कळवावे. मी वेळेत बिले दिल्यावर कंपनीकडून उशीर झाल्यास दंड व व्याज कंपनी भरेल, याची लेखी खात्री द्यावी. नामंजूर खर्चाची कारणे स्टेटमेंटच्या मुदतीआधी कळवावीत.’ तोंडी ‘हो, हो’ झालं असलं तरी मेल टाकाच. साहेब बदलतात, मेल राहतो.

या भीतीपोटी काही जण कार्ड नाकारतात आणि स्वतःच्या खात्यातून यूपीआयने खर्च करत राहतात. मला हे अजिबात पटत नाही. आठवड्याच्या टूरचं हॉटेल, टॅक्सी आणि ऐनवेळी घेतलेला स्पेअर पार्ट तुम्ही पगारातून भरलात, तर तुम्ही कंपनीला बिनव्याजी कर्ज दिलंत. तिकडे घरी मुलांची फी थांबते. देणं कंपनीचं असलेलं कार्ड मिळत असेल तर ते घ्या आणि मोठा खर्च त्यावरच करा. रिक्षा, चहा, हमाली असले खर्च कार्डवर होत नाहीत. त्यासाठी निघण्याआधी ॲडव्हान्स मागा. त्यात संकोच कसला?

आता बिलांचं. स्वाइप मशीनची चिठ्ठी म्हणजे बिल नव्हे, पैसे कशासाठी गेले ते तिच्यावर नसतं. आम्ही बिलासाठी मागे लागतो त्याला कारण आहे. कार्डवरचा खर्च पूर्णपणे कामासाठीच होता हे दाखवायला तारीख आणि स्वरूपासह तपशील कंपनीकडे असावा लागतो, नाहीतर आयकराच्या हिशेबात तो पगारासोबत तुम्हाला मिळालेला फायदा धरला जाऊ शकतो आणि त्यावर कर तुम्हाला बसतो. म्हणून बिल कंपनीच्या नावाने घ्या. विमानाचं तिकीट काढतानाच कंपनीचा जीएसटी नंबर घाला, नंतर तो चढवून घेणं जिकिरीचं होतं. थर्मल कागदावरची शाई उडते, तेव्हा फोटो त्याच दिवशी काढा आणि कोणत्या ग्राहकाकडे, कोणत्या कामासाठी गेला होतात ते त्याखाली लिहा.

हॉटेलात चेक-इनच्या वेळी अनामत म्हणून कार्डवर रक्कम अडकवून ठेवतात. तो खर्च नसतो, पण तेवढी मर्यादा कमी होते आणि पुढच्या शहरात कार्ड चालत नाही. निघताना ती सोडायला सांगा. परदेशी जाणार असाल तर ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आधी सुरू करा. मशीनने रुपये की तिथलं चलन असं विचारलं, तर तिथलं चलन निवडा. रुपयांत घेतलं की दर दुकानाच्या बाजूचा लागतो आणि तो बहुतेक वेळा महाग पडतो.

हे कार्ड स्वतःच्या झोमॅटो, ॲमेझॉन किंवा टॅक्सीच्या ॲपमध्ये साठवू नका. रविवारी घरच्यांसाठी जेवण मागवलं आणि पैसे कंपनीच्या कार्डवरून गेले, असं फार सहज होतं. झालंच तर त्याच दिवशी अकाउंट्सला लिहून कळवा आणि पैसे भरा. स्वतःहून कळवलेल्या चुकीकडे आम्ही चूक म्हणूनच पाहतो. तीच तीन महिन्यांनी ऑडिटरला सापडली, तर तुमच्या बाजूने बोलणं मला अवघड जातं.

कार्ड हरवलं तर आधी ॲपवरून किंवा हेल्पलाइनवरून ते बंद करा, साहेबांना फोन नंतर. ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय नुसतं टॅप करून पैसे जाऊ शकतात. तुमच्या किंवा बँकेच्या चुकीशिवाय तिसऱ्याच कोणी पैसे काढले असतील, तर बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं की तोटा ग्राहकाच्या अंगावर येत नाही, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केला होता. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

नोकरी सोडताना शेवटच्या टूरचे सगळे क्लेम आधी पास करून घ्या. मग कार्ड चिपवरून कापून जमा करा आणि त्याची पोच घ्या. थकबाकी नसेल तर बंद करण्याची विनंती आल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायचं असतं. ते बंद झाल्याची बँकेची मेल हातात आल्यावरच फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर सही करा.